फोटोतली मागची भिंत पुसू नका



पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यात कामथडी नावाचे गाव आहे. समजा, तिथल्या एका घराच्या पडवीत धाकट्या बहिणीचा फोटो काढायचा आहे. उजेडात पाट मांडला, मागे दोरीवर धुतलेली पांढरी चादर टाकली, की झाला घरचा स्टुडिओ! फोटो झकास येतो. पण चादरीची सुरकुती दिसते, कडेला भाताचे पोते दिसते आणि बाळ पडू नये म्हणून धरलेला आजीचा हातही दिसतो. मग दादा म्हणतो, "थांबा, मोबाईलवर मागचे सगळे पुसून टाकतो." दोन मिनिटांत पोते जाते, आजीचा हात जातो आणि बाळाच्या मागे बर्फाचे डोंगर उभे राहतात. घरातले सगळे खूश!

माझे म्हणणे असे, की हे करण्यापूर्वी थोडे थांबावे. का, ते सांगतो.

ही हौस काही नवी नाही. जुन्या स्टुडिओत महाल, जिने, बागा रंगवलेले पडदे असत. छायाचित्रावर हात फिरवण्याची कलाही होती. निगेटिव्हवर जिथे काळे, तिथे छापील फोटोत पांढरे, हे तुम्हांला ठाऊक असेल. म्हणून कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक टिंबे देत. तेवढी जागा फोटोत उजळ होई. मागचा पसारा नको असेल, तर निगेटिव्हवर त्या जागी अपारदर्शक रंग लावत. रंगातून प्रकाश जात नसल्याने खालचा कागद कोराच राहून पार्श्वभूमी पांढरी येई.

त्याही आधीची एक गोष्ट ऐका. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला काही सेकंद लागत. लहान मूल इतका वेळ स्थिर कसे बसणार? तेव्हा युरोप-अमेरिकेत काही छायाचित्रकार आईला खुर्चीसारखे बसवून तिच्यावर कापड टाकत आणि मुलाला तिच्या मांडीवर बसवत. असे फोटो आजही पाहायला मिळतात. मूल दिसते, आई मात्र कापडाचा ढीग होऊन बसलेली! आजीचा हात पुसणारा दादा वेगळे काय करतो?

आता मोबाईल काय करतो ते पाहू. फोटो म्हणजे लाखो चौकोनी ठिपके. प्रत्येक ठिपक्याजवळ लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या मात्रेचे तीन आकडे असतात. कोणता ठिपका बाळाचा आणि कोणता चादरीचा, हे यंत्राला दिसत नाही; पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ते अंदाज बांधते. केसांच्या कडेला अंदाज चुकतो, कारण तिथल्या एकाच ठिपक्यात अर्धा केस आणि अर्धी चादर असते. म्हणून पुसलेल्या फोटोत केस कातरल्यासारखे दिसतात. आणि हात पुसल्यावर त्या जागी जे भरले जाते, ते कॅमेऱ्याने पाहिलेले नसतेच. ते यंत्राने रचलेले असते.

मग पसारा तसाच ठेवायचा का? नाही. त्यावर खोडरबरापेक्षा चांगला उपाय आहे: पदार्थविज्ञान! लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केले, की प्रकाश चौथाई होतो. तिप्पट केले, की नवव्या हिश्श्याएवढा. दिवा बाळापासून १ मीटरवर आणि भिंत बाळाच्या मागे २ मीटरवर ठेवा. दिव्यापासून भिंत ३ मीटरवर गेली, म्हणजे तिच्यावर बाळाच्या एक नवमांश प्रकाश पडेल. सुरकुत्या आपोआप अंधारात जातील. खिडकी हा मोठा प्रकाशस्रोत असल्याने तिला हा नियम नेमका लागू पडत नाही, तरी तिच्यापासून दूर गेले की उजेड कमी होतोच. यात काही पुसले नाही. जे होते तेच दाखवले, फक्त प्रकाश विचारपूर्वक टाकला.

मागची भिंत राखण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण असे, की ती भिंत म्हणजे मोजपट्टी असते. पुराणवस्तू उकरताना संशोधक फोटोत पट्टी ठेवतात, भूवैज्ञानिक खडकापाशी हातोडा ठेवतात. कशासाठी? आकार कळावा म्हणून. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला होता. पुढे १९१२ च्या सुमारास त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून पडद्यावर दाखवली. अशा चित्रणात कुंडीमागची जागा दर वेळी बदलली असती, तर रोप वाढले की कॅमेरा सरकला, हे कोण सांगणार?

तुम्हीही हे करून पाहा. दर वाढदिवसाला भावंडाला त्याच भिंतीला टेकवून उभे करा. भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. कॅमेरा दर वेळी तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवर ठेवा. मात्र या फोटोत मूल भिंतीपासून दूर नको. कॅमेऱ्यापासून मूल २ मीटरवर आणि भिंत ३ मीटरवर असेल, तर १०० सेंटिमीटरचे मूल भिंतीवरच्या १५० सेंटिमीटर लांबीएवढे दिसेल! पाच वर्षांचे असे पाच फोटो शेजारी ठेवले, की वाढीचा आलेख तयार. त्यातून भिंतच पुसली, तर उरतील नुसते पाच हसरे चेहरे.

पुसणे नेहमीच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. ओळखपत्राला साधी पार्श्वभूमी लागते. तिथे चेहरा तेवढा ओळखू यावा, हाच हेतू असतो. फोटो अनोळखी लोकांपर्यंत जाणार असेल, तर मागे दिसणारे शाळेचे नाव किंवा घराचा पत्ता झाकणे शहाणपणाचेच आहे. पण तेव्हाही मूळ फोटो वेगळा जपून ठेवा आणि बदललेल्या प्रतीवर 'पार्श्वभूमी बदलली आहे' असे लिहा. प्रयोगवहीत निरीक्षण खोडायचे झाले, तर आपण एकच रेघ मारतो, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. फोटोलाही तोच नियम लावा.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गातल्या मुलांचे फोटो काढाल, तेव्हा गळका कोपरा किंवा पोपडे आलेली भिंत लाजेने पुसू नका. भिंत दुरुस्त झाली की पुन्हा फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तर काय बदलले हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आणि कामथडीच्या पडवीतल्या त्या बाळाचे काय? वीस वर्षांनी ती फोटो हातात घेईल. बर्फाचे डोंगर तिला कुठेही पाहायला मिळतील. आपल्याला धरून बसलेला आजीचा हात मात्र तिला याच एका फोटोत सापडेल. तो तिथे असू द्या.