रात्रीचे दूध आणि घराची घडी



सूर्यास्तापूर्वी आमच्या घरचे स्वयंपाकघर आवरले जाते. गेल्या मार्गशीर्षात मात्र हा नियम न मानणारी एक व्यक्ती घरात आली. ती म्हणजे माझी नात. रात्री आठला, अकराला, दीडला, साडेतीनला आणि पुन्हा पहाटे पाचला तिला भूक लागे. घर झोपलेले असे. जागी असे ती आणि तिची आई.

बँकेच्या नोकरीमुळे प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडण्याची सवय मला जडली आहे. परंतु सूनबाईंच्या झोपेचा हिशेब मी मांडला नव्हता. बाळ पाच आठवड्यांचे झाले तेव्हा एके पहाटे पाजता पाजता सूनबाईंना बसल्या जागी डुलकी लागली. डोके भिंतीला टेकलेले आणि बाळ मांडीवरून घसरू लागलेले. माझ्या पत्नीने वेळीच धरले म्हणून निभावले. त्या दिवशी विचारले तेव्हा कळले की, महिनाभरात त्यांना सलग दोन तासांहून अधिक झोप एकाही रात्री मिळाली नव्हती.

घरोघरी मिळणारा सल्ला आम्हालाही मिळाला. ‘अंगावरचे दूध पुरत नाही. निजताना बाटलीभर वरचे दूध द्या, सकाळपर्यंत उठणार नाही.’ मी त्याच संध्याकाळी दूध-भुकटीचा डबा घेऊन आलो. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “पप्पा, कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरे तुम्ही आम्हाला वाचायला लावता. डब्यावरची मोठी अक्षरे वाचलीत का?” आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना अशा डब्यांवर ठळकपणे छापणे 1992 च्या कायद्याने बंधनकारक आहे. मी डबा परत केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी प्रथम बाळाचे वजन केले. ते उत्तम वाढत होते. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत होता. म्हणजे दूध कमी नव्हते. नवजात बाळाचे पोट लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते. म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणे स्वाभाविक आहे. दिवस आणि रात्र यांतील भेद बाळाच्या शरीराला जन्मतः ठाऊक नसतो. तो दोन ते चार महिन्यांच्या काळात हळूहळू जमतो. आईच्या रात्रीच्या दुधात झोप आणणारे मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. शिवाय दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचे पाजणे बंद करणे म्हणजे चालू खात्यातील भरणाच थांबवण्यासारखे आहे.

बाटलीत तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व घालून दिल्यास बाळ अधिक झोपते, ही समजूतही खरी नाही. 1989 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही बाळांना पाचव्या आठवड्यापासून आणि काहींना चौथ्या महिन्यापासून निजताना असे धान्य देण्यात आले. दोन्ही गटांच्या झोपेत फरक आढळला नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बदलापूरच्या उन्हाळ्यातही नको. कारण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. झोपेसाठी जायफळ उगाळून देण्याचा मोहही टाळावा.

बाळाला कसेही करून झोपवण्याच्या या घाईला आपल्याच भागात एक दुःखद इतिहास आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या माता बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. 1920 च्या दशकातील सरकारी अहवालांत त्याची नोंद आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. पाळी चुकवता येत नव्हती आणि बाळ सांभाळायला कोणी नव्हते. जी सोय इतरांनी करायला हवी होती, तिची किंमत बाळाने मोजली.

मग उपाय काय? 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितला. केवळ आईचे दूध पिणाऱ्या 26 बाळांचे दोन गट केले गेले. एका गटातील पालकांना तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. रात्री दहा ते बारा या वेळात बाळाला एकदा पोटभर पाजावे. दिवसा घरात उजेड आणि वर्दळ, रात्री अंधार आणि शांतता ठेवावी. मध्यरात्रीनंतर बाळ चुळबुळले तर लगेच न पाजता आधी लंगोट बदलावा, दुपट्यात नीट गुंडाळावे, कडेवर घेऊन फिरवावे आणि असे पाजण्यांतील अंतर हळूहळू वाढवावे. आठव्या आठवड्यापर्यंत या गटातील सर्व बाळे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत झोपू लागली. दुसऱ्या गटात असे चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. अभ्यास लहान आहे, प्रत्येक बाळ तसेच वागेल असे नाही. पण हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

आपल्या व्यापारी घरांना तर ही वेळ सोयीची आहे. उल्हासनगरच्या बाजारात दुकाने रात्री साडेनऊच्या सुमारास बंद होतात. माझा मुलगा लोकलने बदलापूरला साडेदहापर्यंत पोहोचतो. पूर्वी तो आला की दिवे लागत, टीव्ही सुरू होई, दिवसाच्या विक्रीची चर्चा रंगे आणि बाळ टक्क जागे होई. आता सूनबाई साडेआठलाच झोपतात. मुलगा आल्यावर मंद दिव्यात बाळाला उचलून त्यांच्याजवळ देतो, पाजून झाल्यावर ढेकर काढतो आणि पाठीवर निजवतो. रात्री पहिली चुळबुळ झाली की तोच उठतो; बाळ खरोखर भुकेले असेल तरच आईला हाक मारतो. बाजारचा हिशेब सकाळी होतो. बाराव्या आठवड्यात नात साडेअकरा ते चार अशी सलग झोपू लागली. सूनबाईही.

एक इशारा. कमी वजनाच्या, मुदतीपूर्वी जन्मलेल्या, काविळीच्या किंवा वजन न वाढणाऱ्या बाळाचे पाजणे लांबवू नये. पहिल्या आठवड्यांत तर अशा बाळाला झोपेतून उठवूनही पाजावे लागते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंतर वाढवू नये.

आता थोडे अवघड बोलतो. आमच्या घरी चौविहार आहे. थंडीच्या दिवसांत सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत सुमारे 14 तास होतात. त्या 14 तासांत सूनबाई चार-पाच वेळा पाजत होत्या आणि पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. घसा कोरडा पडे. पण कोणी ‘पाणी घे’ म्हणाले नाही आणि त्यांनी मागितले नाही. पत्नीने साध्वीजींना विचारले, तेव्हा पच्चक्खाण शक्ती पाहून घ्यावे, असेच त्यांनी सांगितले. त्या रात्रीपासून पाण्याचा तांब्या सासूबाईंनी स्वतः उशाशी ठेवला. सुनेने विचारावे याची वाट पाहू नये. हा शब्द वडीलधाऱ्यांनी आधी उच्चारावा.

दशवैकालिक सूत्राच्या पाचव्या अध्ययनात गोचरीचे नियम आहेत. त्यात म्हटले आहे की, बाळाला पाजणारी स्त्री रडणारे मूल खाली ठेवून आहार-पाणी आणू लागली, तर ते साधूला कल्पत नाही. दारी आलेल्या साधूंसाठीही ज्या बाळाचे दूध तोडू नये, त्याचे दूध आपल्या टीव्हीसाठी, आपल्या झोपेसाठी किंवा शेजारच्यांच्या सल्ल्यासाठी तोडण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथील ज्या घरांत यंदा पाळणा हलतो आहे, त्यांनी आज रात्री एवढेच ठरवावे: साडेदहाला बाळाला कोण उचलणार, दोन वाजता कोण उठणार आणि तांब्या कोण भरणार. तिन्ही उत्तरांत आईचे नाव येत असेल, तर घडी नव्याने बसवावी.

जय जिनेंद्र.