लाल रश्शाचं हॉटेल

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेला जातात. जाताना मसाल्याच्या पुड्या बांधून नेतात. मग आठवड्याभरात सूनबाई म्हणते, "आई, आज स्वयंपाक नको, इटालियन जेवायला जाऊ." लगेच आपल्या पोटात गोळा! तिथं आपल्याला चालणार काय? आणि घरात दोन बायका असताना बाहेर कशाला?

फिलाडेल्फियाला मीही हेच म्हटलं आणि घुश्शातच गाडीत बसले. हॉटेल होतं नाइन्थ स्ट्रीटवरचं 'राल्फ्स'. डिस्पिन्यो नावाच्या इटालियन नवरा-बायकोनं ते १९०० साली सुरू केलं आणि १९१५ पासून ते याच जागेत आहे.

१८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब. गावी मटण सणासुदीला, इथं मात्र ते परवडू लागलं. म्हणून खिम्याचे गोळे मोठे झाले नि स्पॅगेटीच्याच ताटलीत येऊन बसले. इटलीत आधी पास्ता, मग वेगळं मटण, अशी रीत. एकट्या आलेल्या पुरुषांना घरात ठेवून जेवू घालणाऱ्या इटालियन बायकाही पुष्कळ होत्या. आपल्या गिरणगावातल्या खानावळवाल्याच म्हणा ना!

आता कामाचं सांगते. 'मॅरिनारा' म्हणजे टोमॅटो, लसूण नि ऑलिव्ह तेलाचा रस्सा. तो बहुधा शाकाहारी असतो. 'ग्रेव्ही' म्हणाले तर जपून, त्यात मटण तासन्‌तास शिजलेलं असतं. भाज्यांचं 'मिनेस्ट्रोनी' सूप दिसायला साधं, पण पाणी पुष्कळदा मटणाचं. 'सीझर सॅलड'मध्ये मासळी असते. वांग्याचे काप अंड्यात बुडवून तळलेले असू शकतात. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी "चीज नको" म्हणावं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या स्पॅगेटीत सहसा नसतं. लसूण-तेलातली सुकी स्पॅगेटी मागवावी, आणि विचारायला लाजू नये.

ताटली एवढी मोठी येते की एकीत दोघी जेवतात. उरलेलं डब्यात बांधून देतात, त्यात कमीपणा नाही. वाढणाऱ्याला बिलाच्या १८ ते २० टक्के टीप देण्याची तिथं पद्धत आहे. मुलानं दिली तर "एवढी कशाला?" म्हणून चारचौघांत हुज्जत घालू नका. मी घातली होती!

तर जेवता जेवता सून म्हणाली, "आई, सव्वाशे वर्षं यांचा रस्सा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. तुमच्या आमटीचं प्रमाण मी आठ वर्षं विचारतेय. दर वेळी म्हणता, 'अंदाजानं घाल.' मला वाटायचं, तुम्हाला ते द्यायचंच नाहीये."

बायांनो, घास घशातच अडकला. खरं सांगू? थोडं तसंही होतं. माझ्या हातची आमटी मुलाला आवडते. ती हिला जमली, तर माझं काय उरलं? हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमटी केली, पण या वेळी हात मधेच थांबवून प्रत्येक जिन्नस चमच्यानं मोजला. तेव्हा कळलं, मी 'चिमूटभर' म्हणते तो गोडा मसाला चांगला दीड चमचा भरतो! मग सुनेची आमटी आठ वर्षं अळणी का व्हायची, ते उमगलं. बिचारी चिमूटभरच घालत होती. सगळं तिनं वहीत लिहून घेतलं: डाळ एक वाटी, चिंचेचा कोळ दोन चमचे, गूळ सुपारीएवढा. रात्री तिनं एकटीनं केली. माझ्याइतकी नाही, पण चांगली झाली. मुलानं दोनदा वाढून घेतली. मला जरा टोचलं, नाही असं नाही.

तेव्हा जायच्या आधी एक करा. बॅगेत मसाला भरण्यापूर्वी तो आपल्या चिमटीनं चमच्यात टाकून मोजा, आणि पुडीवर प्रमाण लिहा. पुडी महिन्या-दोन महिन्यांत संपेल. प्रमाण लिहिलेलं असलं, तर पुढची पुडी ती तिथं स्वतः करील.