आधी फोन, मग सोडा

सीवूड्समधून नेरूळ आणि बेलापूरची मोठी रुग्णालये अगदी जवळ आहेत. तरीही छातीत कळ आली की ‘पित्त झालं असेल’ म्हणत सोडा पिण्यात अर्धी रात्र जाते. कॅथेटरने होणाऱ्या हृदयोपचारांवर हा अंक काढताना आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या वाया जाणाऱ्या वेळेची.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी एका जाग्या रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद केली. आज त्यासाठीची बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, बहुतेकदा मनगटातूनच घालतात. काम झाले की मनगटाला हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि पुढच्या काही तासांत ती हवा थोडी थोडी सोडतात. छाती उघडावीच लागत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने रोहिणी उघडी ठेवण्यासाठी आत बसवल्या जाणाऱ्या जाळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, किमतीला चाप लावला. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. निर्णय योग्यच होता. रोहिणी रुंद करण्याचा हा उपचार, म्हणजे अँजिओप्लास्टी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही होतो.

दुखणे स्थिर असेल तर प्रत्येक अडथळ्याला स्टेंट लागतोच असे नाही. तिथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या. झटका आला असेल तर मात्र मते गोळा करत बसू नका. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत रोहिणी मोकळी करायची असते. छातीवर दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ जाणवली तर स्वतः गाडी चालवू नका, लगेच १०८ला फोन करा.