विश्लेषण : नवी छोटी मोटार स्वस्त झाली, मग जुनी हॅचबॅक किती रुपयांना घ्यावी?

शाळा, बाजार, दवाखाना आणि स्टेशन. एवढ्याच फेऱ्यांसाठी चार-पाच माणसांची मोटार हवी आणि खर्च चार लाखांच्या आत बसायला हवा. मध्यमवर्गीय घरात हा हिशेब सुरू झाला की नजर सेकंडहँड हॅचबॅककडे वळते. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील जीएसटी घटला आणि जुन्या गाडीच्या किमतीचे गणितही बदलले. विकणारा आजही ‘मी एवढ्याला घेतली होती’ असे सांगतो. घेणाऱ्याने मात्र ‘आज नवी केवढ्याला मिळते’ हे विचारायला हवे. ते विचारले नाही, तर स्वस्त म्हणून घेतलेली गाडी महाग पडू शकते.

जीएसटी कपातीने काय बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या छोट्या मोटारींवरील (पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरचा उपकरही गेला. पेट्रोल मोटारीसाठी हा उपकर १ टक्का, तर डिझेलसाठी ३ टक्के होता. म्हणजे पेट्रोल हॅचबॅकवर आधी एकूण २९ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. केवळ या बदलामुळे एक्स-शोरूम किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी कमी होते.

काही कंपन्यांनी त्याहून जास्त कपात केली. मारुती वॅगनआरच्या सर्वात साध्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ५ लाख ७८ हजार ५०० वरून ४ लाख ९८ हजार ९०० रुपयांवर आणली गेली. त्याच वेळी ऑल्टो के१०ची किंमत ३ लाख ६९ हजार ९०० रुपयांपासून, तर स्विफ्टची ५ लाख ७८ हजार ९०० रुपयांपासून सुरू झाली. नवीच गाडी ८० हजारांनी उतरली असेल, तर त्याच मॉडेलची पाच-सहा वर्षांची गाडी जुन्या भावात घेण्याला अर्थ उरत नाही.

जुन्या गाडीवरही १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो का?

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर समाजमाध्यमांवर असा समज पसरला. प्रत्यक्षात हा कर नोंदणीकृत व्यावसायिक विक्रेत्याला आणि तोही त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. एखाद्या डीलरने गाडी ३ लाखांना घेऊन ३ लाख ४० हजारांना विकली, तर साधारणपणे कर वरच्या ४० हजारांवर आकारला जातो, पूर्ण किमतीवर नाही. एका व्यक्तीने आपली खासगी गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली, तर हा कर लागतच नाही. ‘जीएसटी वेगळा’ म्हणून कोणी पूर्ण किमतीच्या १८ टक्के मागत असेल, तर तिथेच सावध व्हावे.

खरी किंमत कशी काढायची?

जाहिरातीतील आकडा ही फक्त सुरुवात असते. २०१९ची, ५५ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ७५ हजारांना मिळते आहे, असे उदाहरणादाखल धरू. चार टायर आणि बॅटरी बदलायला २२ ते २५ हजार, वर्षाचा पूर्ण विमा १० ते १२ हजार, घेतल्यावर लगेचची मोठी सर्व्हिसिंग ८ ते १० हजार आणि नाव बदलण्याचा खर्च चार-पाच हजार. असे साधारण ५० हजार वाढतात. गाडी सव्वाचार लाखांची होते.

आता त्याच वर्गातील नवी गाडी पाहा. पाच लाखांची एक्स-शोरूम किंमत, महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवरील ११ टक्के वाहन कर, विमा आणि नोंदणी मिळून ती ५ लाख ८५ हजारांच्या आसपास रस्त्यावर येते. फरक १ लाख ६० हजारांचा. त्या बदल्यात नव्या गाडीला कंपनीची वॉरंटी आणि नोंदणीची पूर्ण १५ वर्षे मिळतात. २०१९च्या गाडीची नोंदणी २०३४ मध्ये संपते आणि पुढे फेरनोंदणी करावी लागते.

यावरून एक ढोबळ निकष लावता येतो. सगळा खर्च धरून पाच-सहा वर्षांची गाडी तशाच नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीच्या दोन-तृतीयांशाहून महाग पडत असेल, तर ती सोडून द्यावी. वरच्या उदाहरणात ही मर्यादा ३ लाख ९० हजार येते. म्हणजे पावणेचार लाखांची ती गाडी ३ लाख ४० हजारांपर्यंत उतरली, तरच व्यवहार फायद्याचा. मात्र तुलना करताना साध्या मॉडेलची साध्याशी आणि वरच्या मॉडेलची वरच्याशीच करावी.

कर्ज घ्यायचे असेल तर?

जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. तीन लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी घेतले आणि व्याज ९ टक्के धरले, तर मासिक हप्ता साधारण ७,४६५ रुपये येतो. १४ टक्के धरले, तर तो सुमारे ८,२०० होतो. चार वर्षांत हा फरक ३५ हजारांपर्यंत जातो. रोखीने घेणाऱ्याला जुनी गाडी परवडते. मोठे कर्ज काढणाऱ्याची बचत व्याजात जिरू शकते.

कोणत्या वर्षाची गाडी पाहावी?

जुनी गाडी घेताना रंग आणि म्युझिक सिस्टिमआधी वर्ष पाहावे, कारण नियम वर्षागणिक बदलले आहेत. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅगची सक्ती २०२१च्या अखेरपासून सर्व मॉडेलना लागू झाली. त्याआधीच्या साध्या मॉडेलमध्ये शेजारच्या आसनासमोर एअरबॅग असेलच असे नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० पेट्रोलला चालतील अशा भागांसह बनतात.

आता पंपावर ई२० पेट्रोलच मिळते. जुन्या मोटारींमध्ये त्यामुळे मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते आणि २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. म्हणून २०१८ची गाडी ३० हजारांनी स्वस्त मिळते, एवढ्यावर हुरळून जाऊ नये. पैसे थोडे वाढवता येत असतील तर २०२२ किंवा त्यानंतरची गाडी पाहावी.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

रोजचे धावणे १५-२० किलोमीटर असेल तर उत्तर सोपे आहे : पेट्रोल. डिझेलची किंमत भरून निघायला लांबचा प्रवास लागतो. शिवाय बीएस-६ डिझेल गाडीतील काजळी अडवणारा फिल्टर साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि दुरुस्ती महाग पडते.

सीएनजी शहरात परवडतो, पण डिकीची जागा जाते. बाहेरून बसवलेले किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात आहे का, हे पाहावे. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचे प्रमाणपत्र मागावे.

मग मॉडेल कोणते?

एकच गाडी सगळ्यांना योग्य ठरत नाही. घरात गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे असतील, तर उंच बैठकीची वॅगनआर सोयीची. तिची लांबी ३.६५ मीटर असल्याने सोसायटीच्या पार्किंगमध्येही ती सहज बसते. सुरक्षिततेला पहिले स्थान द्यायचे असेल, तर चित्र बदलते. ग्लोबल एनकॅपच्या २०२०च्या चाचणीत टाटा टियागोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, अल्ट्रोझला पाच. वॅगनआरला २०१९ मध्ये दोन आणि २०२३ मध्ये, कडक झालेल्या निकषांवर, एकच तारा मिळाला. सुटे भाग, गल्लोगल्ली दुरुस्ती आणि पुन्हा विकताना मिळणारा भाव यांत मात्र मारुती आणि ह्युंदाई पुढे आहेत.

भारतातून बाहेर पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या फार स्वस्त दिसतात. शेवरोलेने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यातल्या काही गाड्या चालवायला उत्तम आहेत. पण घरात दुसरे वाहन नसेल आणि एका सुट्या भागासाठी दोन आठवडे थांबणे शक्य नसेल, तर ती जोखीम घेऊ नये.

गाडी पाहताना काय तपासावे?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. ‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली’ असे म्हणणाऱ्याकडे पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंदी पाहाव्यात. टायरवर चार आकडे असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील २३वा आठवडा. २०१९ची गाडी ‘फक्त १८ हजार चालली’ असे सांगितले जात असेल आणि टायर २०२३चे असतील, तर टायर एवढ्यात का बदलले, हे विचारावे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखणेही महत्त्वाचे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूणच्या पुराने अशा गाड्यांचा धोका दाखवून दिला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, पाहावे. स्टेपनीखालचा गंज आणि एसी लावल्यावर येणारा कुबट वास हीसुद्धा खूण. शेवटी आपला मेकॅनिक बरोबर न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त का मिळते?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. महाराष्ट्रात वयाची अशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्रात गाडीच्या वयानुसार भरावा लागणारा कर आणि नवा नंबर हा खर्च जाहिरातीत नसतो. तो मिळवून हिशेब केला की स्वस्ताई बरीच आटते.

नाव बदलायला उशीर झाला तर?

सर्वात मोठी जोखीम इथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकामागून एक हातांतून गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे होते. अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यात आली. म्हणजे विकणाऱ्यासाठी नाव न बदलणे धोक्याचे. घेणाऱ्याचेही तसेच : १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेतला नाही, तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. ‘नो क्लेम बोनस’ही जुन्या मालकाबरोबरच जातो, तो गाडीसोबत मिळत नाही.

म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी पाच गोष्टी हातात असाव्यात :

– सही केलेले फॉर्म २९ आणि ३०

– कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५

– ई-चलान बाकी नसल्याची खात्री

– वैध पीयूसी आणि विमा

– १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यास एचएसआरपी नंबर प्लेट, कारण तिच्याअभावी आरटीओतील हस्तांतराचे काम अडते

गाडी डीलरकडून घेत असल्यास त्याच्याकडे आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का, हेही विचारावे. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरना ते बंधनकारक आहे. शक्य असेल तर थोडी रक्कम राखून ठेवावी आणि आरसीवर नाव चढल्यावरच द्यावी. तसे लेखी ठरवावे. प्रामाणिक विकणाऱ्याची याला सहसा हरकत नसते, कारण नाव लवकर बदलण्यात त्याचाही जीव सुटतो.