इशारा हाही शब्दच आहे

व्यापाऱ्याची जीभ गोड आणि माप खरे असावे, ही शिकवण आपल्या घराघरांत दिली जाते. परंतु गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते तेव्हा जिभेच्या आधी आपले डोळे, हात आणि मान बोलू लागतात. या मुक्या बोलीला देहबोली म्हणतात. गिऱ्हाईक आपल्याच गावचे असेल तोवर ती दोघांनाही कळते. ते दुसऱ्या मुलखाचे असले की त्याच इशाऱ्याचा अर्थ बदलतो आणि ठरत आलेला सौदा मोडतो. आज मालेगाव-भिवंडीचे कापड आणि मिरजेची सतार दूरदूर जाते. कोकणातील कितीतरी कुटुंबांचा आखाती देशांशी रोजचा संबंध आहे. म्हणून या विषयाकडे करमणूक म्हणून पाहून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

इशाऱ्यांचा व्यापार आपल्याला नवा नाही. गुरांच्या बाजारात आणि आंब्याच्या घाऊक व्यवहारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत जुनी आहे. किती बोटे दाबली यावरून आकडा कळतो. तो शेकड्यात की हजारात, हे दोघांनी मनाशी धरलेले असते. दोन जाणत्या दलालांमध्ये हे चालते. पण ज्याचा माल विकला जातो तो शेतकरी शेजारी उभा राहूनही आंधळाच राहतो. म्हणूनच बाजार समित्यांच्या व्यवस्थेने उघड लिलावाचा आग्रह धरला. जो इशारा एकालाच कळतो, त्यात दुसऱ्याचे नुकसान लपलेले असते, हा त्यातला धडा आहे.

आता आपल्या मानेकडे पाहू. समोरचा बोलत असताना आपण मान दोन्ही बाजूंना हलवतो. आपल्या लेखी त्याचा अर्थ ‘बरं, ऐकतो आहे’ एवढाच असतो. कधी ‘हो’, तर कधी ‘बघू’. परदेशी खरेदीदार विचारतो, ‘पंधरा दिवसांत माल मिळेल?’ आपली मान हलते आणि तो ती तारीख वहीत लिहून घेतो. सोळाव्या दिवशी आपण त्याच्या नजरेत खोटे ठरतो. जपानी माणूस ‘हाय, हाय’ म्हणत राहतो, त्याचा अर्थही पुष्कळदा ‘आपले म्हणणे ऐकले’ इतकाच असतो. तेवढ्यावर कच्चा माल आणून ठेवणारा फसतो. बल्गेरियात तर मान वरखाली करणे म्हणजे जुन्या रीतीप्रमाणे ‘नाही’.

अरब मुलखात धर्म एक असला तरी रीत वेगळी आहे, हे आमचे बंधू विसरतात. तेथे पाहुण्याला छोट्या फिंजानमधून कहवा दिला जातो. प्याला उजव्या हाताने घ्यावा, आणि पुरे झाला की तो किंचित हलवून परत करावा. नाहीतर यजमान ओततच राहतो. बसताना बुटाचा तळ समोरच्याकडे करणे अपमानाचे समजतात. शेजारच्या इराणमध्ये अंगठा उंचावून दाखवणे जुन्या लोकांना शिवीसारखे लागते. अंगठा आणि तर्जनी जोडून केलेले वर्तुळ आपण ‘झकास’ म्हणून दाखवतो; जपानात त्याचा अर्थ पैसा, फ्रान्समध्ये शून्य, तर ब्राझीलमध्ये ते अश्लील आहे.

अंतराचेही तसेच. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की त्यांच्या देशात कामकाजाचे बोलणे साधारण चार ते बारा फुटांवरून होते. अरब माणूस त्याहून बराच जवळ उभा राहतो. एक पुढे सरकतो, दुसरा मागे हटतो. पहिल्याला वाटते हा तुसडा आहे, दुसऱ्याला वाटते हा अंगावर येतो आहे. दोघांच्याही मनात काही वाईट नसते.

सर्वांत नाजूक प्रश्न हस्तांदोलनाचा आहे. परस्त्रीशी हात मिळवू नये असे आपल्यापैकी अनेकजण मानतात. समोर परदेशी महिला खरेदीदार हात पुढे करते तेव्हा काय करावे? हात मागे घेऊन दुसरीकडे पाहणे हा तिचा अपमान होतो. २०१६ साली स्वीडनमध्ये एका मुस्लिम तरुणीने दुभाषाच्या नोकरीच्या मुलाखतीत हात न मिळवता छातीवर ठेवला. मुलाखत तिथेच संपली. पुढे कामगार न्यायालयाने तिला ४०,००० क्रोनर भरपाई देण्याचा निकाल दिला. परंतु व्यापारात न्यायालय मदतीला येत नाही. नाराज खरेदीदार केवळ पुढच्या दुकानात जातो. आमच्या मते हात छातीवर ठेवून, हसतमुखाने, ‘आमच्यात अशी रीत आहे, आपला मान पूर्ण आहे’ हे शब्द आधी बोलावेत. तत्त्वही राहते आणि गिऱ्हाईकही राहते.

देहबोलीवरच्या स्वस्त पुस्तकांपासून मात्र सावध राहावे. बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, असे त्यांत ठासून सांगतात. हा आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग आवड-नावड यांसारख्या भावनांपुरते होते. सर्व बोलण्याला तो आकडा लागू नाही, हे त्यांनीच स्पष्ट केले आहे. नजर चुकवणारा खोटा, हेही असेच अर्धवट ज्ञान. आपली मुले वडीलधाऱ्यांसमोर अदबीने नजर खाली ठेवतात; परक्याला वाटते, मालात खोट आहे.

पवित्र कुरआनात हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात की लोकांपासून तोंड फिरवू नये आणि ताठ्याने चालू नये. प्रेषित (स.) कुणाशी बोलताना पूर्ण देहाने त्याच्याकडे वळत, असे त्यांच्या वर्णनांत येते. अरबांच्या जुन्या बाजारात कापडाला नुसता हात लागला की सौदा पक्का होई. माल अंगावर फेकला तरी पक्का होई. प्रेषितांनी (स.) हे दोन्ही प्रकार मना केले, कारण घेणाऱ्याला माल नीट पाहण्याची संधीच मिळत नसे. शाफई मसलकाचे मूळ मत ईजाब-कबूल शब्दांत मागते, तर हनफी मसलक देवघेवीच्या कृतीलाही सौदा मानतो. फरक असला तरी धोका आणि संदिग्धता दोघांनाही मान्य नाही.

म्हणून व्यापारी बंधूंनी दोन गोष्टी कराव्यात. परक्याची रीत आधी विचारून घ्यावी; विचारण्यात कमीपणा नाही. आणि भाव, नग व तारीख तोंडाने बोलून कागदावर लिहावी, मानेवर सोडू नये. जमणार नसेल तर नम्रपणे ‘नाही’ म्हणावे. ‘इन्शाअल्लाह’ हा शब्दही टाळाटाळीसाठी नको, तो पूर्ण इराद्यानेच उच्चारावा. हललेली मान समोरच्याने वचन म्हणून घेतली, तर ते वचन निभावण्याची जबाबदारी आपली आहे.