'पडीक' कोण ठरवतं?



मे महिन्यात मराठवाड्यातलं गायरान पाहणारा अधिकारी कागदावर एकच शब्द लिहितो : पडीक. मग तिथे खड्डे खोदून गिरिपुष्पाची रोपं लावायची आणि ती जमीन दोन-तीन पिढ्या कसणाऱ्या बौद्ध, मातंग, पारधी कुटुंबांना 'अतिक्रमणधारक' म्हणून हाकलायचं. याला वृक्षारोपण म्हणतात. आम्ही याला लबाडी म्हणतो.

अहो, तेच माळरान जुलैत येऊन बघा. पवन्या, मारवेल, कुसळी ही बहुवार्षिक गवतं वरून वाळतात, खाली मुळं जिवंत असतात. पावसाने दडी मारली की थांबतात, पाऊस आला की पुन्हा फुटतात. हे मेलेपण नव्हे, लहरी पावसात जगायची त्यांची रीत आहे. २०११ साली जगभरच्या जमिनीने हवेतला कार्बन विक्रमी प्रमाणात शोषला. त्यात मोठा वाटा कुठल्या घनदाट जंगलाचा नव्हता, ऑस्ट्रेलियातल्या अर्धकोरड्या माळांचा होता. ला निनामुळे तिथे धो धो पाऊस पडला होता. पुढे पाऊस ओसरला तसं ते शोषणंही झपाट्याने घटलं. असल्या जमिनीचा हिशोब एका उन्हाळ्यात होतो का? आणि झाडांची दाट सावली पडली की ही ऊन मागणारी गवतं संपतात, हे वनखात्याला कोणी सांगायचं?

आपल्याच लोकांनाही एक सांगायचंय. ट्रॅक्टर लावून शेवटचा कोपरा नांगरला आणि सोयाबीन पेरलं, तर तीच जुनी मुळं उपटली जातात. ती सहजी परत येत नाहीत. एका बैठकीत हे बोललो तर 'तुम्ही त्यांच्या बाजूचे' असं ऐकावं लागलं. ऐकून घेतलं. पण सोयाबीन करपतं त्या वर्षी शेळी कशावर जगवायची?

दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिसत्याग्रहात आपली माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तरी कितीतरी घरांच्या हाती अजून सातबारा नाही, आणि रोपांचे खड्डे मात्र वेळेवर खोदले जातात.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्ही ठराव एकत्र मांडा : कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर, आणि गवताचा पट्टा खड्ड्यांपासून नि नांगरापासून मोकळा. जमिनीचा पंचनामाही त्याच आठवड्यात करा म्हणावं, गवत कमरेला लागत असताना.