गंजमाळचे ट्रॅम स्टेशन

आमच्या नाशकात घोड्यांची ट्रॅम होती, असे सांगितले की घरातली पोरे हसतात. पण होती. १८८९ साली अडीच फूट रुंदीचे रूळ पडले. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड रेल्वे स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. दोन डबे, ओढायला चार घोडे. वाटेत गंजमाळचे स्टेशन. त्याच्यापुढे नाशिकरोडपर्यंत तेव्हा सारे रानच. ब्रुक बॉण्डने चहाचे दुकान काढले तेही गंजमाळच्याच स्टेशनात! दुष्काळ आणि प्लेगाने कंपनी तोट्यात गेली, १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ट्रॅम बंद पडली.

वाचकहो, ही साले नीट पाहा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ट्रॅम धावत होती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ महिलांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांपुढे बसली. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे पाच वर्षे नेटाने चालवला. ट्रॅम थांबली, तरी मंदिराचे दार बंदच. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

ट्रॅमचा इतिहास सांगणारे घोडे मोजतात, डबे मोजतात. त्या डब्यांत आपल्या माणसांना बसू देत होते का, हे कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो. नाशिकरोडला उतरून सत्याग्रहाला गेलेल्या आजोबा-पणजीची आठवण ज्यांच्या घरात असेल, त्यांनी ती लिहून पाठवावी. वहीचे एक पान पुरे.